काळवेळेचे भान

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला तमिळ बेताचीच येते, शेजारच्या तमिळ गृहस्थांना मराठी येत नाही; म्हणून दोघांचा व्यवहार इंग्रजीवर चालतो. ‘येथे किती वर्षे आहात?’ असे शेजारी विचारतात आणि आपण उत्तर देतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ शेजाऱ्यांना त्यात काही खटकत नाही. ‘दहा वर्षांपासून राहतो’ असे म्हणताना मराठीप्रमाणे तमिळही वर्तमानकाळच योजते. इंग्रजाला मात्र एवढ्याशा वाक्यात दोन चुका दिसतील.

पहिली क्रियापदाची. मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या क्रियेला इंग्रजीत नुसता वर्तमानकाळ पुरत नाही. तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ असेच म्हणावे लागते. दुसरी चूक ‘सिन्स’ची. आपले ‘पासून’ दोन कामे करते. इंग्रजीने ती वाटून दिली आहेत. आरंभाचा क्षण सांगावयाचा तर ‘सिन्स’, मधल्या काळाची लांबी सांगावयाची तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर टेन इयर्स’.

या शहराचेच उदाहरण घ्या. १९९६ साली मद्रासचे नाव बदलले. घटना घडून गेली, तिचे सालही सांगितले. तेथे ‘वॉज रिनेम्ड’ हा साधा भूतकाळ. त्या सालापासून शहराला चेन्नई म्हणतात. तेथे ‘हॅज बीन कॉल्ड’ आणि ‘सिन्स’. शहर एकच, साल एकच. दृष्टी बदलली की क्रियापद बदलते. ‘काल मी पत्र पाठविले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले की ‘हॅव’ने बाहेर पडावे. ‘लास्ट इयर’ आणि ‘अगो’ यांचाही तोच दंडक. उलट ‘टुडे’ किंवा ‘धिस वीक’ यांचा काळ अजून संपलेला नसतो, म्हणून त्यांच्याबरोबर ‘हॅव’ नांदू शकते.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. नोकरीत असलेल्या शिक्षकाने अर्जात ‘आय टॉट हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहिले, तर वाचणारा समजेल की ही नोकरी सुटली. ‘आय हॅव टॉट’ असे लिहिले, म्हणजे तो अजून तेथेच आहे हे कळते. एका ‘हॅव’वर माणसाची नोकरी राहते किंवा जाते!

अशा चुकांना अडाणीपणा म्हणू नये. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि हाक आली की जागेवरूनच ‘आलो’ म्हणतो. आपल्या काळांची शिस्त आपल्यापुरती पक्की आहे. एके काळी मुंबई आणि मद्रास यांच्या स्थानिक वेळांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते. मुंबईकराचे घड्याळ बिघडलेले नसे. मद्रासेस उतरल्यावर त्याला ते तेवढे पुढे करावे लागे. मराठीतून इंग्रजीत उतरतानाही एवढेच करावयाचे असते.