कंपन्यांचे भूसंपादन आणि समूहाचे भूमिहक्क : नियमगिरीच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रात उद्योगासाठी जमीन घेताना प्रथम सातबारा पाहिला जातो. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्यास मोबदला, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. परंतु गुरचरण, देवराई, पाणवठा, गौण वनोपजाचे रान यांवर संपूर्ण गावाची वहिवाट असते. ती कोणा एकाच्या नावे नसल्यामुळे संपादनाच्या हिशेबातून सहज गळून पडते. तेव्हा मोबदला चुकता केला म्हणजे हक्काचा आदर झाला, असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट :
१८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार शासन कंपनीसाठी जमीन घेऊ शकत असे. बाधितांच्या संमतीस त्यात स्थान नव्हते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही आवश्यक केली. मात्र कंपनीने मालकाकडून थेट जमीन विकत घेतल्यास ८० टक्क्यांची अट लागू होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कास कागदोपत्री आधार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये असा हक्क मिळाला.

नियमगिरीचा अनुभव :
या तरतुदींची खरी कसोटी ओडिशात लागली. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील नियमगिरी पर्वत डोंगरिया कोंध समाज नियमराजाचे स्थान मानतो. तेथील बॉक्साइटवर भिस्त ठेवून वेदांत समूहाने खाणीस अंतिम मंजुरी मिळण्यापूर्वीच पायथ्याशी लांजीगढ येथे शुद्धीकरण कारखाना उभारला. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीसाठी वनजमीन देण्यास नकार दिला. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्नही ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली १२ ग्रामसभा झाल्या. बाराही सभांनी खाणीस नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. कारखाना उभा राहिला. परंतु ज्या डोंगरासाठी तो तेथे उभारला, तेथील खनिज त्यास मिळाले नाही.

विवेचन :
यावरून असे दिसते की, संमती ही अखेरची औपचारिकता मानल्यास समाजाबरोबर कंपनीचेही नुकसान होते. हक्काचा आदर करावयाचा तर कंपनीने गुंतवणुकीपूर्वी गावाबरोबर शिवारफेरी करून सामाईक जमिनींची नोंद करावी; प्रकल्पाचे परिणाम लोकांच्या बोलीत सांगावेत; आणि ग्रामसभेस विचारासाठी पुरेसा अवधी द्यावा. भूमिहीन मजूर, पशुपालक व स्त्रिया यांचे नाव उताऱ्यावर बहुधा नसते. परंतु सामाईक रानावर त्यांचाच चरितार्थ अधिक अवलंबून असतो, हे येथे विसरता कामा नये.

निष्कर्ष :
मोबदला हा हक्क गेल्यानंतरचा उपाय आहे. हक्काचा आदर त्यापूर्वी सुरू होतो. ज्या संमतीत नकाराची मुभा नाही, तिला संमती म्हणता येणार नाही. नियमगिरीच्या बारा ग्रामसभांचे महत्त्व यातच आहे.