काचेपलीकडे (९) : हरलेल्या माशाला जागा हवी

गेल्या आठवड्यात आपण टाकीतलं पाणी मुरवण्याबद्दल बोललो. पाणी मुरलं, अमोनिया शून्यावर आला, की लोक दुकानात जातात आणि हौसेनं ‘मिक्स सिक्लिड’ घेऊन येतात. दोन पिवळे, दोन निळे, एखादा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. दुकानातल्या गर्दीत ही दोन-अडीच इंचांची पिल्लं गुण्यागोविंदानं नांदत असतात. घरच्या दोन फुटी टाकीतही सुरुवातीचे दिवस बरे जातात. मग एका सकाळी त्यांतला एक वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पर अंगाशी मिटून तिरका उभा दिसतो. शेपटीची कड फाटलेली, कुशीवरचे चार-दोन खवले गेलेले, रंग उडालेला. खाणं टाकलं तरी तो खाली उतरत नाही, कारण खाली उतरला की मार बसतो.

बहुतेक जण त्याला आजारी समजून पाण्यात औषध टाकतात. औषधाचा काही उपयोग होत नाही. पाच मिनिटं टाकीसमोर शांत बसून राहा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते आपोआप कळेल. टाकीतला सगळ्यात देखणा, सगळ्यात गडद रंगाचा मासा दर थोड्या वेळानं त्या कोपऱ्याकडे धाव घेतो आणि एक धडक देऊन परततो.

हे मासे मूळचे कुठले, ते पाहिलं तर या वागण्याचा उलगडा होतो. आफ्रिकेतलं मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तिन्ही देशांना त्याचा किनारा लाभला आहे. त्याच्या खडकाळ काठाशी राहणाऱ्या सिक्लिडांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात. त्यांतले बरेचसे दगडांवरचं शेवाळ खरवडून जगतात. नर एखादी कपार आणि भोवतालचा दगड धरून बसतो. काही जातींचे नर आपल्या दगडाला दुसऱ्या कुणाला तोंड लावू देत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच भागात शेवाळ भोवतालपेक्षा दाट वाढतं. माद्या अंडी तोंडात उबवतात, पण त्यांना बोलवायचं तर नराकडे हक्काची जागा असावी लागते. आपल्या दुकानांत येणारी पिल्लं बहुतेक शेततळ्यांत आणि टाक्यांत जन्मलेली असतात. त्यांनी सरोवर पाहिलेलंही नसतं, तरी हद्द राखण्याची ओढ त्यांच्यात जशीच्या तशी असते.

दोन नर समोरासमोर आले तर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. आधी ते एकमेकांना आडवे होतात, सगळे पर ताठ उभारतात, अंगाला कंप देतात. कोण मोठा याचा अंदाज बहुतेक वेळा इथेच येतो आणि धाकटा निघून जातो. तोडीस तोड असले तर गोल फिरत शेपटीकडे चावे घेऊ पाहतात, कधी जबड्यात जबडा अडकवून ओढाताण करतात. मग एकाचे पर खाली पडतात, रंग फिका होतो आणि तो पळ काढतो. सरोवरात हे सगळं इथेच संपतं. हरलेला चार दगड ओलांडून दिसेनासा होतो, जिंकलेला आपल्या कपारीकडे वळतो.

टाकीतही हाच खेळ होतो, फक्त शेवट होत नाही. दोन फुटी टाकी म्हणजे साठ सेंटिमीटरची लांबी. नराची हद्द त्याहून मोठी असू शकते. हरलेला मासा पळतो आणि काचेवर आपटतो. तो अजूनही डोळ्यांसमोर आहे, म्हणजे हद्द सोडायला तयार नाही, असाच जिंकलेल्याच्या लेखी त्याचा अर्थ होतो, म्हणून तो पुन्हा धावून जातो. सरोवरात काही क्षणांत मिटणारं भांडण इथे दिवसेंदिवस चालतं आणि अखेर एक मासा जीव गमावतो. माशांच्या दांडगाईबद्दल मी जे काही वाचलं आणि पाहिलं, त्यात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘हा मासा दुष्ट आहे’ म्हणून त्याला दोष देण्यापेक्षा हरलेला कुठे जाईल, एवढं पाहावं.

पहिलं काम म्हणजे लांबी. म्बुनांसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण २५५ लिटर पाणी मावतं. उंचीपेक्षा लांबी-रुंदीवर पैसे खर्च करावेत. दुसरं काम नजर तोडण्याचं. तळापासून पाण्याच्या वरच्या थरापर्यंत दगडांचे दोन-तीन ढीग रचा. टाकीच्या एका टोकाला डोळा लावून पाहा. दुसरं टोक सरळ दिसत असेल तर दगड अजून कमी आहेत. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट घासून धुऊन घेतला की चांगला चालतो. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर पसरा, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला ढीग कोसळून खाली मासा चिरडू शकतो.

तिसरा उपाय ऐकताना उलटा वाटेल. म्बुना थोडे ठेवू नयेत. सगळ्यात वाईट आकडा दोन, कारण तिथे मार खाणारा एकच असतो. चार फुटी टाकीत पंधरा-वीस मासे असले की दादा एकाच्या मागे फार वेळ लागू शकत नाही, तेवढ्यात दुसरा कुणी मध्ये येतो. एका नरामागे तीन माद्या असाव्यात, म्हणजे नर एकाच मादीला भंडावून सोडत नाही. मात्र ही गर्दी फुकट मिळत नाही: फिल्टर दणकट लागतो आणि आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं. ज्याला ते जमणार नाही त्यानं म्बुना घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ही युक्ती म्बुनांपुरतीच. ऑस्कर किंवा अंडी राखणारी एंजलची जोडी गर्दीत ठेवलीत तर उलट जास्त मारामारी होईल.

मासे निवडताना रंग पाहावा, तोही आपल्या आवडीपेक्षा माशाच्या नजरेनं. निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञाला १९७३चं नोबेल विभागून मिळालं. त्यानं लायडनमध्ये स्टिकलबॅक या छोट्या माशाचा अभ्यास केला होता. विणीच्या काळात त्याच्या नराचं पोट लाल होतं. खिडकीतल्या टाक्यांमधले हे नर रस्त्यावरून जाणाऱ्या लाल टपालगाडीवरही चवताळून जात, असं त्यानं नोंदवलं आहे. लाल रंग दिसला की समोर प्रतिस्पर्धी नर, एवढंच त्यांना कळत होतं. म्बुनांतही स्वतःसारख्या रंगाचा आणि पट्ट्यांचा मासा सगळ्यात जास्त मार खातो. म्हणून निळ्या, काळ्या पट्ट्यांच्या दोन सारख्या जाती एकत्र नकोत. डेमासोनी ठेवायचे तर डझनभर ठेवा, दोन-तीन ठेवलेत तर एकच उरेल. ऑराटसचं पिवळंधमक पिल्लू पाहून भुलू नका. त्याचा नर मोठेपणी काळा पडतो आणि सगळी टाकी वेठीला धरतो. नवख्यानं पिवळ्या लॅबिडोक्रोमिसपासून सुरुवात करावी, म्बुनांतला तो सगळ्यात सोशिक.

नवा मासा सोडायचा असेल तर एकटा सोडू नये. जुन्यांना आपल्या जागेचं बळ असतं, आणि आकारानं सरस असलेला पाहुणाही तिथे नमतो. आधी सगळे दगड हलवून नव्यानं रचा, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी पुसल्या जातात. टाकीत थोडं खाणं टाका, दिवा बंद करा, मग तीन-चार मासे एकदम सोडा. दादाला चार-आठ दिवस वेगळं ठेवून परत आणलं तर तोही पाहुणाच ठरतो. हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, पण त्याच्या गैरहजेरीत दुसरा दादा तयार होतोय का, इकडे लक्ष असू द्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टायगर बार्ब आठ-दहाच्या थव्यात आपापसात खोड्या काढतात. दोन-तीनच असले तर एंजलचे लांब पर कुरतडतात. फायटरचे दोन नर कधीही एकत्र नकोत. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा.

मार खाल्लेल्या माशाला त्याच दिवशी बाहेर काढा. जखम स्वच्छ पाण्यात बहुधा आपसूक भरते, पण सततच्या धास्तीनं त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लागतो. काही केल्या जमत नसेल तर मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदीत, तलावात मात्र सोडू नका. टाक्यांमधून सुटलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज देशातल्या कितीतरी नद्यांत आणि तलावांत पसरला आहे, आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी अंगानं फाटताहेत.

पुढच्या आठवड्यात : आजारी आणि जखमी माशांसाठी वेगळी टाकी कशी मांडावी.