मोजणे स्वस्त, सांगणे महाग

रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी अनेक घरांत हल्ली एक नवा नेम झाला आहे. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ काढायचे आणि चार्जरला लावायचे. म्हणजे झोपेत हृदयाची लय बिघडते का, प्राणवायूची पातळी घसरते का, हे ज्या वेळेत पाहायचे, नेमके तेव्हाच घड्याळ टेबलावर!

घड्याळात बॅटरीचा मोठा वाटा पडदा खातो. पण छातीवर किंवा दंडावर चिकटवायच्या छोट्या सेन्सरला पडदाच नसतो. तिथे बरीचशी वीज जाते ती मोजलेली माहिती बिनतारी लहरींनी फोनपर्यंत पाठवण्यात. मोजणे त्यामानाने स्वस्त पडते, सांगणे महाग.

यावर सोपा उपाय म्हणजे कमी बोलणे. मधुमेहींसाठीचा ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ हा सेन्सर 2014 मध्ये युरोपात आला तेव्हा तो आपणहून काहीच बोलत नसे. दंडावरची ही चकती त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजून साठवायची. रुग्णाने वाचक यंत्र जवळ नेले की आकडे द्यायची. छोटी बॅटरी 14 दिवस पुरायची. पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे तीनला धोकादायक पातळीवर उतरली तर? सेन्सरला ते कळलेले असे, झोपलेल्या माणसाला नाही. पुढच्या आवृत्तीत ब्लूटूथ घालून इशारा देण्याची सोय केली गेली. वीज वाचवायची, पण वेळेवर बोलायचेही, हा या क्षेत्रातला खरा पेच आहे.

2010 मध्ये आलेल्या ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकाराने हा पेच बराच सोडवला. त्यात रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो; क्षणभर जागा होतो, माहिती देतो, पुन्हा झोपतो. तो किती वेळा जागा होणार, यावर बॅटरीचे आयुष्य ठरते. त्यामुळे आता भर आहे तो सेन्सरमध्येच विचार करण्यावर. साधा हिशेब करू. हृदयाचा आलेख सेकंदाला 250 वेळा नोंदवला आणि प्रत्येक नोंदीला 2 बाइट धरले, तर दिवसाला 4 कोटी 32 लाख बाइट होतात. त्याऐवजी सेन्सरने स्वतः ठोके मोजून मिनिटाला एकच आकडा पाठवला, तर दिवसाचे 1440 बाइट. फरक 30 हजार पटींचा! अर्थात, लय बिघडली की त्या वेळचा पूर्ण आलेख डॉक्टरांना हवाच. तेवढा तुकडा मात्र पाठवावा लागतो.

दुसरी अडचण आपले शरीरच आहे. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरते आणि शरीरातले पाणी त्या शोषून घेते. घड्याळ डाव्या मनगटावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात असेल, तर मध्ये अख्खा माणूस उभा! संदेश अर्धवट पोहोचतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि तेवढी बॅटरी खर्ची पडते. फोन घड्याळाच्याच बाजूच्या खिशात ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

मग शरीर आड येत असेल, तर त्याचीच तार का करू नये? ही कल्पना जुनी आहे. 1990च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीत थॉमस झिमरमन यांनी हिची पायाभरणी केली. नुसत्या हस्तांदोलनातून व्हिजिटिंग कार्डावरची माहिती दुसऱ्याच्या यंत्रात जाऊ शकते, हे त्या काळात दाखवले गेले. अलीकडे पर्ड्यू विद्यापीठातील श्रेयस सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला नवे रूप दिले. ते ब्लूटूथपेक्षा खूप कमी वारंवारतेचा, अतिशय क्षीण विद्युत संदेश वापरतात. तो हवेत पसरत नाही, त्वचेलगतच राहतो. ब्लूटूथपेक्षा सुमारे 100 पट कमी ऊर्जा लागते, असे 2019 मध्ये त्यांनी सांगितले. शिवाय खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तो सहजासहजी चोरून ऐकता येत नाही; पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांसाठी ही गोष्ट बॅटरीइतकीच महत्त्वाची. सेन यांनी याच तंत्रावर कंपनीही काढली आहे, तेव्हा आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहावे. तरी दिशा पटण्यासारखी आहे.

मर्यादा उघड आहे. संदेश शरीरातून जायचा तर दोन्ही यंत्रे शरीराला लागून हवीत. रात्री फोन उशाशी किंवा स्टुलावर असतो, आणि इशारा ऐकून धावणारा मुलगा शेजारच्या खोलीत. तिथवर पोहोचायला ब्लूटूथच लागणार. म्हणून अंगावरच्या सेन्सरांनी आपापसात शरीरातून बोलावे आणि बाहेरच्या जगाशी त्यांच्यापैकी एकानेच, तेही गरजेपुरते, रेडिओवर बोलावे, अशी रचना अधिक व्यवहार्य वाटते.

तोपर्यंत, घरात कोणी दंडावर साखरेचा सेन्सर लावत असेल तर रात्री त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावू नका. आणि घड्याळ चार्ज करायला सकाळच्या आंघोळीची आणि चहाची वेळ चांगली.