सरहद्दीची पैनगंगा

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर या गावाचा नामनिर्देश संसदेच्या एका कायद्यात आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ अन्वये हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट करण्यात आले. या परिसरातील सरहद्दी अनेकदा बदलल्या. त्यांपैकी सर्वांत जुनी व ठळक सरहद्द मात्र निसर्गानेच आखलेली होती. ती म्हणजे पैनगंगा.

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे वाहत येते. इस्लापूरनजीक काळ्या कातळावरून तिचा प्रवाह असंख्य धारांनी कोसळतो. हेच सहस्रकुंड होय. दक्षिण तीरावर मराठवाडा, तर उत्तर तीरावर विदर्भातील उमरखेड तालुका आहे.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि येथील पैनगंगा दोन राजवटींमधील सीमा ठरली. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. निजामाचे सार्वभौमत्व केवळ नावापुरते उरले. दोन्ही काठांवर भाषा मराठीच होती, सोयरिकीही होत्या. परंतु कायदा, नाणे आणि दरबाराची भाषा मात्र निरनिराळी होती.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर या सीमेस निराळेच महत्त्व आले. उत्तर तीर स्वतंत्र भारतात होता. दक्षिण तीरावर निजामाची सत्ता कायम होती. उन्हाळ्यात उतारावरून पायी ओलांडता येणारे हे पात्र तेरा महिने जणू दोन राष्ट्रांची हद्द होऊन राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत जी केंद्रे उभारली, त्यांत उमरखेडचे केंद्र होते. रझाकारांच्या जाचाने घरदार सोडणाऱ्यांना पैलतीर गाठणे म्हणजे अभय मिळणे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद शरण आले आणि ही भीती सरली.

सरहद्द मात्र सरली नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात व विदर्भ मध्य प्रदेशात राहिल्याने आणखी आठ वर्षे पैनगंगा ही राज्यसीमाच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही तीर पुन्हा एका राज्यात आले आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राचे झाले.

आज नांदेडहून नागपूरकडे निघालेली मोटार अर्धापूर, वारंगाफाटा, हदगाव ही गावे मागे टाकून मार्लेगावनजीकच्या पुलावर येते. तेथे जिल्हा व महसुली विभाग बदलतो, इतकेच. वाहन थांबवावे लागत नाही; खाली कोणती सीमा वाहते, याची बहुतेक प्रवाशांना दखलही नसते. पावसाळ्यात मात्र नदी आपले अस्तित्व जाणवून देते. महापुरात या मार्गावरील वाहतूक खोळंबते, मग दोन्ही बाजूंना मालमोटारींच्या रांगा लागतात. वरच्या बाजूस इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की सहस्रकुंडाचे रूप रौद्र होते.

खाली, नागपूर-हैदराबाद महामार्गावर, याच नदीच्या पुलावरून जाताना आजही राज्य बदलते. तेथे एका टोकास महाराष्ट्र, तर दुसऱ्या टोकास तेलंगण आहे.