पिट्यूटरीची गांठ आणि तिचे शेजारी

मेंदूच्या तळाशीं, नाकाच्या मुळामागें, कवटीच्या हाडांत एक खोबण आहे. तिच्या आकारावरून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनीं तिला ‘तुर्की खोगीर’ असें नांव दिलें. ह्या खोगिरांत पिट्यूटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथि बसलेली असते. वजन अवघें अर्धा ग्रॅम. परंतु शरीरांतील इतर अनेक ग्रंथींवर अंमल तिचा.

तिच्यांत गांठ झाली तर ती बहुतेक वेळां कर्करोगाची नसते, म्हणजे दूरच्या अवयवांत तिचीं बीजें रुजत नाहींत. ‘गांठ साधी आहे’ हे डॉक्टरांचे शब्द ऐकून घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यांत थोडी घाईच होते. कारण साधी गांठहि शेजाऱ्याची भिंत पोखरूं शकते.

वरच्या बाजूस पडदा आहे, पण ग्रंथीच्या देठासाठीं त्याला छिद्र असतेंच. त्या वाटेनें गांठ वर चढते आणि दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथें एकमेकांस ओलांडतात तेथें दाब आणते. मग दोन्ही कडांचें दिसेनासें होतें. मनुष्य दाराच्या चौकटीवर आपटतो आणि चष्मा बदलून पाहतो! हा केवळ दाब असल्यानें गांठ वेळींच काढल्यास दृष्टि पुष्कळदां सुधारते. खालचें हाड झिजवून गांठ नाकामागील हवेच्या पोकळींतहि उतरते. पण शस्त्रवैद्याची वाटहि तीच असल्यामुळें तेथें फारसें अडत नाहीं.

खरें संकट दोन्ही बाजूंस. तेथें अशुद्ध रक्ताच्या पोकळ्या असून प्रत्येकींतून मेंदूला रक्त पुरविणारी मोठी धमनी व डोळा फिरविणाऱ्या नसा जातात. ग्रंथि आणि पोकळी ह्यांमधील भिंत म्हणजे एक पातळ पापुद्रा. आक्रमक गांठींच्या पेशी त्यांतील कोलॅजेनचे धागे विरघळविणारीं एन्झाइमें सोडतात, असें तपासण्यांत आढळलें आहे. आंत शिरलेली मऊ गांठ धमनीला सहसा फोडीत नाहीं, विळखा घालते.

हा शिरकाव मोजण्याची रीत व्हिएन्नाचे एंगेलबर्ट क्नॉस्प व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं दिली. एम्. आर्. आय्. चित्रांत धमनीच्या छेदांना धरून रेषा ओढावयाच्या आणि गांठ कोणती रेषा ओलांडते तें पाहावयाचें. ० म्हणजे पोकळी सुरक्षित. ४ म्हणजे धमनी पूर्ण वेढलेली. अशा वेळीं नाकावाटे गेलेला कुशल शस्त्रवैद्यहि धमनीजवळचा अवशेष जाणूनबुजून मागें ठेवतो, आणि पुढें औषधें किंवा किरणोपचार ह्यांवर भिस्त राहते.

प्रोलॅक्टिन हें द्रव्य स्रवणाऱ्या गांठींची गोष्ट निराळी. त्या बाजूच्या पोकळींत शिरल्या असल्या तरी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीं बहुधा आखडतात. म्हणून शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वीं रक्तांतील प्रोलॅक्टिन मोजून घेतात.