चित्रफितींची काटछांट आणि कळफलकाचा उपयोग

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून चित्रण करून ठेवण्याची हौस पुष्कळच वाढली आहे. मुंज, बारसें, लग्न हे प्रसंग तर असतातच. परंतु त्यांहूनहि मोलाचें असें एक काम कांहीं घरीं आवर्जून केलें जातें, व तें म्हणजे वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून चित्रित करून ठेवणें. आजोबांस समोर बसवावें, मोबाइल तिवईवर लावावा आणि ते बोलूं लागले कीं मध्यें न बोलतां ऐकावें, एवढेंच तें काम. घोडें पेंड खातें तें पुढें. तीन-चार तासांचें तें चित्रण तसेंच्या तसें पाहावयास कोणासच सवड नसते. काटछांट करावयास बसावें, तर पहिल्याच दिवशीं मनगट भरून येतें आणि दहा मिनिटांचाहि भाग हातावेगळा होत नाहीं. मग तें चित्रण संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यांत पडून राहतें, आणि ज्यांच्यासाठीं तें घेतलें त्या नातवंडांच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं.

या अडचणीचें मूळ बहुधा आळसांत नसून काम करण्याच्या रीतींत असतें. नवशिका मनुष्य सर्व कांहीं माऊसनें करूं पाहतो. चित्र चालूं करावयाचें, तर बाण एका खुणेवर न्यावयाचा. कापावयाचें, तर वस्तऱ्याच्या खुणेवर. कापलेला तुकडा काढावयाचा, तर पुन्हा तिसरीकडे. समजा, एका तासाच्या चित्रणांत 300 ठिकाणीं कात्री लावावयाची आहे आणि प्रत्येक ठिकाणीं ही येरझार 20 सेकंद खाते. म्हणजे 100 मिनिटें नुसत्या येरझारींत गेलीं! परंतु वेळेपेक्षांहि मोठें नुकसान निराळेंच आहे. बाण शोधावयास गेलेला डोळा चित्रावरून उडतो. आजोबांचें वाक्य कोठें संपलें, त्यांनीं श्वास कोठें घेतला, हें टिपावयाच्या ऐन वेळीं आपण पडद्याच्या कडेची एक बारीकशी खूण धुंडाळीत असतों. कळफलकाची, अर्थात् कीबोर्डची, खरी मातब्बरी येथें आहे. हात न पाहतां चालूं लागले, कीं डोळे चित्रावर राहतात.

फिल्मच्या काळच्या संकलकांस हें पुरतें ठाऊक होतें. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एक तासाचें चित्र म्हणजे 5,400 फूट लांबीची पट्टी. मूव्हिओला नांवाच्या यंत्रास पायानें दाबावयाचें पेडल असे, तें याचसाठीं कीं हात फिल्मवर मोकळे राहावे. पुढें 1971 सालीं ‘सीएमएक्स 600’ हें संगणकावर चालणारें संकलनयंत्र निघालें. त्यांत प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर खुणा कराव्या लागत. 1989 मध्यें ‘ॲव्हिड’ आलें, आणि वॉल्टर मर्च यांनीं ज्याचें संकलन बव्हंशीं त्यावर केलें त्या ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटास 1997 सालीं संकलनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

आतां प्रत्यक्ष कळांकडे वळूं. टंकलेखन शिकलेल्यांस ठाऊकच आहे कीं उजव्या हाताच्या तर्जनीखालीं ‘जे’ ही कळ येते, व तिच्यावर बोटास लागेल असा बारीक उंचवटा असतो. तिच्या शेजारीं ‘के’ आणि ‘एल’. संकलनाच्या बहुतेक सर्व प्रोग्रामांत या तीन कळांचें काम सारखेंच असतें. ‘एल’ दाबली कीं चित्र पुढें चालतें, पुन्हा दाबली कीं अधिक वेगानें, ‘जे’नें तें उलट मागें येतें, ‘के’नें थांबतें. ‘के’ दाबून धरून ‘एल’ला नुसतें टिचकावलें, तर चित्र नेमकें एक फ्रेम पुढें सरकतें, सेकंदास 25 फ्रेम धरिल्या तर हा झाला सेकंदाचा पंचविसावा भाग. शब्दाचें शेवटचें अक्षर न तोडतां कापावयाचें असेल, तर याहून चांगलें साधन नाहीं. याच बोटांच्या वरच्या ओळींत ‘आय’ आणि ‘ओ’ आहेत. हव्या असलेल्या भागाचा आरंभ ‘आय’नें व शेवट ‘ओ’नें खुणावावा. ‘ॲडोबी प्रीमियर’मध्यें खालच्या ओळींतील स्वल्पविरामाची कळ दाबतांच तो भाग टाइमलाइनवर जाऊन बसतो. येथवर उजवा हात जागचा हललासुद्धां नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

डाव्या हाताकडे त्याच प्रोग्रामांत ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ सोंपवाव्या. पहिलीनें मागील कापापासून उभ्या रेघेपर्यंतचा भाग निघून जातो, दुसरीनें रेघेपासून पुढील कापापर्यंतचा. आणि पडलेली फट आपोआप मिटते. ‘कंट्रोल’ व ‘के’ मिळून रेघेच्या ठिकाणीं काप पडतो. आरंभीं एवढें पुरे. शेंदीडशें कळांची यादी भिंतीवर डकवून ती घोकणारे लोक असतात. आमच्या मतें तो निव्वळ खटाटोप होय. आठवडाभर या आठ-दहा कळा वापराव्या, मग ज्या कामासाठीं हात पुन्हां पुन्हां माऊसकडे जातो त्याचीच कळ शोधावी. प्रीमियरमध्यें ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ व ‘के’ एकदम दाबल्यास कळफलकाचें सबंध चित्रच समोर येतें, व त्यांत आपल्या सोयीप्रमाणें फेरबदलहि करतां येतात. ‘फायनल कट प्रो’मध्यें मात्र ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ यांचें काम अगदीं निराळें आहे. ‘दाविंची रिझॉल्व्ह’मध्यें प्रीमियरची मांडणी निवडण्याची सोय ठेविली आहे.

मराठी टंकलेखन करणारांस एक खास अडचण येते. मथळा मराठींत लिहून झाल्यावर कळफलक तसाच देवनागरीवर राहिला, तर या कळा पुष्कळदां मुक्या होतात. इंग्रजीवर परत आलें कीं पूर्ववत् चालतात.

एका गोष्टीस जपावें. ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ हाताला बसल्या, कीं कापण्याचा मोह अनावर होतो. खोकला, दाराची घंटा, एकच वाक्य दोनदां बोललें गेलें असेल तर त्यांपैकीं एक, हें खुशाल काढावें. परंतु धाकट्या भावाच्या आजारपणाची हकीकत सांगतां सांगतां आजी थांबली आणि तिचा हात पदराकडे गेला, तो चार सेकंदांचा विराम एका दाबानें नाहींसा होतो, व ऐकणाऱ्यास वाटतें कीं ती बाजारहाटच सांगत आहे. अशा जागीं ‘के’नें थांबावें, ‘जे’नें थोडें मागें जावें आणि मूळ गतीनें एकदां नीट ऐकावें. तरीहि चुकून कापलें गेलेंच, तर ‘कंट्रोल’ व ‘झेड’ यांनीं तें परत येतें. कारण हे प्रोग्राम मूळ चित्रणास हात लावीत नाहींत, कोठून कोठपर्यंत दाखवावयाचें याची केवळ नोंद ठेवितात. म्हणूनच काम पुरें होण्यापूर्वीं मूळ फाइल जागची हलवूं अगर पुसूं नये.