उपरण्याआडचा भाव

खिलार जनावरांसाठी ख्यातकीर्त असलेल्या माणदेशात, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात दावणीदावणीने हिंडताना नवख्या माणसास प्रथम जाणवते ते हे, की जिथे घटकाभरात हजारोंची उलाढाल होते, तिथे रकमेचा उच्चार मात्र क्वचितच कानी पडतो. हेडी येतो, बैलाचा जबडा उघडून तो आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे पाहतो, खूर आणि भोवरे न्याहाळतो, पाच-पंचवीस पावले चालवून घेतो आणि मग धन्याचा हात हाती घेऊन त्यावर उपरण्याचे टोक ओढतो. त्या वस्त्राआड बोट धरले म्हणजे एक आणि पंजा धरला म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे जनावराकडे पाहूनच उभयपक्षी गृहीत असते. हात झटकला जातो, दलाल तो पुन्हा जुळवून देतो, आणि अखेर विसार हाती पडून कासरा दुसऱ्याच्या मुठीत जातो. शेजारच्या दावणीचा शेतकरी विचारतो, "कितीला बसला?" उत्तर येते, "गेला बरा."

या रीतीचे मर्म त्या दोन शब्दांत आहे. उपरणे विकणाऱ्यापासून काही लपवीत नाही, कारण भाव त्याच्याच बोटांवर ठरलेला असतो; ते लपविते त्या शेजाऱ्यापासून, ज्याचा तशाच वयाचा, तशाच बांध्याचा बैल अद्याप विकावयाचा आहे. हेड्याचा हात मात्र सकाळपासून अनेक उपरण्यांखाली जाऊन आलेला असतो, त्यामुळे बाजाराचे खरे ज्ञान एकट्या त्याच्याच पदरी साठते.

उघड लिलाव, लेखी हिशेब आणि जाहीर दर या तत्त्वांवर नियंत्रित बाजारांची उभारणी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९३९ साली आणि महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारविषयक अधिनियम १९६३ साली झाला, व या दुसऱ्याच्या अनुसूचीत धान्याबरोबर गुरे, शेळ्या, मेंढ्याही समाविष्ट झाल्या. परंतु ढिगातील मूठभर ज्वारी साऱ्या ढिगाची साक्ष देते, तशी एका बैलाची साक्ष दुसरा बैल देत नाही. म्हणून किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर जनावरांच्या रकान्यात लिहिले, तरी थकलेला बैल आणि उमदा खोंड यांची सरासरी काढून कोणा शेतकऱ्यास आपल्या बैलाची किंमत समजणार? त्यातच बाजार फी खरेदीदाराकडून किमतीच्या प्रमाणात वसूल होत असल्याने पावतीवर आकडा उतरवून घालण्याचा मोह कायद्यानेच नकळत निर्माण केला आहे.

अमेरिकेने १९९९ च्या कायद्यान्वये, वर्षाकाठी सव्वा लाख वा अधिक गुरे कापणाऱ्या मांस कारखान्यांवर आपल्या खरेदीचे दर कृषी खात्यास दिवसातून दोनदा कळविण्याची सक्ती केली. परंतु तेथे सौद्यास वजनाचा व प्रतीचा आधार असतो, म्हणून एक भाव दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांना जिवंत वजनाचा काटा लावता येईल आणि काही ठिकाणी तो लागूही लागला आहे. बैलाची चाल व स्वभाव मात्र कोणत्याच काट्यावर चढत नाहीत.

तरीही त्याची जात, दात, उंची आणि कामाची सवय लिहिता येते, आणि जनावरांच्या कानात आता बारा अंकी बिल्लेही येऊ लागले आहेत. पावतीवर ही लक्षणे किमतीसह नोंदवून, नावे वगळून, त्याच दिवशी फलकावर लावली आणि फी किमतीऐवजी दर जनावरामागे ठराविक ठेवली, तर खोटा आकडा लिहिण्याचे एक मोठे प्रयोजन सरेल. उपरण्यावर बंदी घालण्याची मग गरजही उरणार नाही. दोघांनी हवे तर त्याआड बोटे धरावीत, ठरलेला भाव तिसऱ्यास कळला म्हणजे कायद्याचे काम झाले.